सातव्या गल्लीचा खांब

खांब बोलतात, असं सारिका धायगुडेचं म्हणणं होतं. शिरवळच्या त्या अवाढव्य गोदामात या म्हणण्याला हसणारी माणसं पुष्कळ होती. सगळ्यात मोठ्यानं हसायची ती तिची धाकटी जाऊ, कुंदा.

"आक्का, काय म्हणतोय आज खांब? न्याहारी झाली का त्याची?" मालाची गाडी ढकलत कुंदा सातव्या गल्लीच्या तोंडाशी आली. लोखंडी खांबांवर उभ्या रॅकच्या खालच्या कप्प्यातले खोके ऑर्डरीप्रमाणे वेचायचं काम तिच्याकडे होतं. दिवसाचे आठ तास ती याच गल्लीत असायची.

सारिकानं मान वर केली नाही. डावा कान खांबाला आणि उजव्या हातात लाकडी मोगरी. तिनं पुन्हा एकदा हलकेच ठोकलं. धडधाकट खांब काशाच्या ताटासारखा वाजतो. आवाज सुटतो, वर अकरा मीटर चढतो आणि मागे लांब शेपूट ठेवून विरतो. हा मात्र मळलेल्या कणकेवर थापटी मारावी तसा वाजला. थप्प. पुढे काही नाही.

"कुंदा, जरा गप्प बस."

"मी गप्पच आहे. तुमचं चालू द्या. पण त्या ओवीत माझं नाव नका घेऊ बाई, पोरी चिडवतात मला."

ती ओवी सारिकाची स्वतःची होती. दीड वर्षापूर्वीच्या खंडेनवमीला, गोदामातली यंत्रं आणि खांब पूजताना, हळदीचं बोट लावता लावता तिला सुचलेली.

लोखंडाच्या खांबा, तुला हळद लाविते
माझ्या जावेची सावली तुझ्या पदरी ठेविते

तिनं मोगरी खाली ठेवली. धडक बसू नये म्हणून खांबाच्या पायाशी प्लॅस्टिकचं पिवळं कवच बसवलेलं होतं. त्याचे पट्टे सोडवून तिनं ते बाजूला केलं. कवचाच्या आड, गुडघ्याच्या उंचीवर, पत्रा आत गेलेला होता. कुणीतरी अंगठ्यानं लोणी दाबावं तसा.

मीटरभर लांबीची सरळ पट्टी तिनं खांबाला लावली आणि मधली फट मोजली. बारा मिलिमीटर. पूर्वीचा नियम होता की पाचपर्यंत नजर ठेवा, दहापर्यंत नवा माल चढवू नका आणि दहाच्या पुढे गेलं की त्याच क्षणी लाल चिठ्ठी लावा, माणसं बाहेर काढा, रॅक रिकामा करा.

पण खांबाच्या छातीवर चिकटवलेला, रुपयाएवढा चकचकीत बिल्ला हिरवा लुकलुकत होता आणि शेजारच्या पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याण्णव.

*

तो बिल्ला म्हणजे 'श्रुती'चा कान होता.

दीड वर्षापूर्वी ती यंत्रणा आली. कल्पना सुंदर होती, हे सारिकालाही नाकारता आलं नसतं. लोखंडाच्या प्रत्येक खांबाला स्वतःचा सूर असतो. जितका ताठर तितका सूर उंच. खांबाला पोचा पडला, बोल्ट ढिला झाला किंवा तळाची वेल्डिंग उकलली की ताठरपणा कमी होतो आणि सूर उतरतो. माणसाच्या कानाला तो फरक पुष्कळ उशिरा कळतो. बिल्ल्यातला स्फटिक दर पाव तासाला स्वतःच एक बारीक टिचकी मारतो, खांबाचं उत्तर ऐकतो आणि केसाएवढा फरकसुद्धा पकडतो. कोणत्या कप्प्यावर किती वजन आहे हे यंत्रणेला ठाऊक असतं, त्यामुळे मालानं बदललेला सूर ती हिशेबातून वजा करते. उरतो तो निव्वळ खांबाचा सूर. त्याची तुलना ती त्या खांबाच्या मूळ सुराशी करते. मूळ सूर म्हणजे शंभर. नव्वदच्या खाली गेला की लाल. लाल झालं की गल्ली आपोआप बंद, आणि रॅक रिकामा झाल्याखेरीज ती कुणालाही उघडता येत नाही. मॅनेजरलाही नाही. विम्याची तशी अटच होती.

आणि श्रुती नुसती बोलकी नव्हती, खरीही होती. गेल्या वर्षी चौथ्या गल्लीतल्या एका खांबाला सारिकानं अकरा मिलिमीटरच्या पोच्यासाठी लाल चिठ्ठी लावली. श्रुती म्हणत होती, हा ठीक आहे. दोन दिवस गल्ली बंद राहिली. तेव्हा कुंदा चौथ्या गल्लीत होती. तिला आणि तिच्या मैत्रिणींना त्या दोन दिवसांसाठी शीतगृहात लावलं. तिथून कुंदा छातीत कफ घेऊन आली, ती महिनाभर खोकत राहिली. तो खांब कापून प्रयोगशाळेत नेला, दाबला. पूर्ण भार त्यानं हसत पेलला.

त्यानंतर पट्टीचे नियम रद्द झाले. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारिकाच्या खणातून गेला. 'रॅक निरीक्षक' होती ती 'श्रुती सहायक' झाली. सहायक म्हणजे बिल्ल्यांवरची धूळ फडक्यानं पुसणारी बाई. वर, यंत्र एवढं नेमकं सांगतंय तर राखून ठेवलेली ताकद वाया का घालवायची, म्हणून एका टनाचं पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर रचलेला मालाचा ढीग, तेराशे किलोचं झालं. आता टोकाच्या एकेका खांबाच्या वाट्याला सगळे कप्पे भरल्यावर साडेचार टन यायचे.

*

"किती म्हणालात?" मॅनेजर गुजर साहेबांनी विचारलं.

"बारा."

"पट्टीनं?"

"पट्टीनंच. साहेब, आवाजही मेलाय त्याचा. तुम्ही स्वतः चला, ठोकून बघा."

गुजर साहेब वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या पोरांच्या लग्नात पंगतीला बसायचे. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "श्रुती काय म्हणते? अठ्ठ्याण्णव. अहो ताई, अठ्ठ्याण्णव मला दहावीलासुद्धा नव्हते."

"साहेब, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. गेल्या वर्षीही तुम्ही अशाच आला होतात. अकरा मिलिमीटर, अकरा मिलिमीटर. काय झालं पुढे?"

गेलं वर्षभर हे वाक्य तिच्या प्रत्येक बोलण्याच्या वाटेत आडवं पडलेलं होतं.

"त्या वेळी मी चुकले," ती म्हणाली. "एकदा चुकले म्हणून आता डोळ्यांनी दिसतंय तेही बोलायचं नाही का?"

"बोला की. नोंद करा. मी सही करतो." त्यांनी आवाज खाली आणला. "गल्ली बंद करायची कळ माझ्याकडे राहिलेलीच नाही, ताई. बंद करायची तर लाल आकडा लागतो. आकडा नसताना बंद केली तर वर मी काय सांगू? आणि तीन वाजता सरबताचे बारा ट्रक येतायत. सातव्या गल्लीचे वरचे दोन कप्पे रिकामे आहेत, ते भरायचेत. उन्हाळा काय आपल्यासाठी थांबतो?"

सारिकानं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

वरचे दोन कप्पे भरले की पोचा पडलेल्या खांबावर आणखी सव्वा टन चढणार होता, आणि त्याच्या पायाशी कुंदा खोके वेचत असणार होती.

*

गोदामामागे कँटीनची मोरी होती. त्या पाण्यावर केळीचं बेट माजलेलं होतं. तिथल्या बाकावर हणमंत राऊत चहा पीत बसला होता. सातव्या-आठव्या गल्लीचा फोर्कलिफ्ट, माल कप्प्यांवर चढवणारी गाडी, तोच चालवायचा. सारिका समोर बसली आणि त्याच्याकडे रोखून पाहत राहिली.

"असं काय बघता, ताई?"

"सातच्या डाव्या खांबाला कधी धडकलास?"

"धडकलो न्हाई! धडक झाली असती तर गाडीनं नोंदली नसती का?" तो तट्टकन म्हणाला. मग बशीतला चहा कपात परत ओतला, पुन्हा बशीत ओतला. "टेकलो. नुसता टेकलो. पंधरा दिवस झाले. मागं घेताना पॅलेटचा कोपरा खांबाला लागला आणि मला वाटलं अडकलंय, म्हणून हळूहळू दाबत नेली. दणका न्हाई, काय न्हाई. गाडी गप, श्रुतीबाई गप. मग मी बी गप."

दणका बसला तरच गाडी नोंद करते. हळू रेटलं तर तिच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. हे सारिकाला समजलं. पण श्रुती का गप्प राहिली? पोचा तर पडलाय. सूर उतरायलाच हवा होता.

तिनं मोबाइलवर सगळ्या गोदामाचे आकडे उघडले. अकरा गल्ल्या, शेकड्यानं खांब. आतले, भिंतीकडचे, जिथं गाडी क्वचितच वळते ते खांब त्र्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. वापरानं थोडे थोडे दमलेले. आणि गल्ल्यांच्या तोंडाशी असलेले बावीस खांब, दिवसरात्र ज्यांच्या अंगावरून गाड्या वळतात, ते? शंभर. शंभर. शंभर. एकवीस खांब शंभर, आणि फक्त सातव्याचा डावा अठ्ठ्याण्णव.

"रोज मार खाणारेच सगळ्यात ठणठणीत कसे?" ती स्वतःशीच म्हणाली.

"ते पूजेचे खांब ना?" हणमंत म्हणाला. "देवाची कृपा म्हणायची."

"कुठले पूजेचे?"

"आवो, खंडेनवमीला त्याच बावीस खांबांना तर तुम्ही केळीचे खुंट बांधायला लावले होते. जोड जोड. माझा खांदा आठ दिवस दुखत होता." त्यानं मोरीकडे हात केला. "हितनंच तर तोडले."

सारिका त्या बेटाकडे पाहत राहिली. तोडलेल्या बुंध्यांशेजारी नवे खुंट उभे होते, हिरवे, पाण्यानं टच्च भरलेले.

चोवीस तास चालणाऱ्या त्या गोदामात वर्षातून एकच दिवस सगळी चाकं थांबायची. खंडेनवमीचा. गाड्यांना हार, खांबांना हळदकुंकू, प्रसादाचा शिरा. आणि श्रुतीला खांबांचे मूळ सूर टिपायला हवी होती पूर्ण शांतता. श्रुती बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीनं ती बसवताना विचारलं होतं, तुमच्याकडे शांत दिवस कुठला? गोदामानं कळवलं होतं, खंडेनवमी. पुण्यात बसून, कुणीही प्रत्यक्ष न येता, दुपारी बारा ते चार त्यांनी सगळे सूर नोंदवून घेतले होते.

त्या चार तासांत बावीस खांबांच्या गळ्यात दोन दोन खुंट मिळून पन्नास पन्नास किलो ओली केळ बांधलेली होती. आणि ती हौसेनं बांधायला लावली होती सारिकानं.

*

"थांबा, थांबा, मला नीट समजू द्या," फोनवरची मृणाल म्हणाली. पुण्यातल्या कंपनीत श्रुतीचं काम बघणारी ही इंजिनिअर सारिकाला आवाजानं ओळखायची. "खांबाला वजन बांधलं की त्याचा सूर उतरतो. पोचा पडला तरी उतरतो. सूर का उतरला हे श्रुतीला कळत नाही. केळीसकटचा उतरलेला सूर तिनं मूळ म्हणून लिहून घेतला."

"आणि दुसऱ्या दिवशी केळी सोडल्यावर?"

कळफलकाचा आवाज आला. "एकशे नऊ. एकशे आठ. एकशे दहा. बावीसच्या बावीस. पडद्यावर शंभरच्या वर दाखवत नाही आम्ही. सूर चढला तर खांब घट्ट झाला, त्यानं कुणाला धोका, असं ठरलं होतं. मी तीनदा लिहून दिलं होतं की चढलेल्या सुराचीही सूचना द्या." तिचा आवाज चिरकला. "तीनदा, सारिकाताई."

"म्हणजे सातचा खांब एकशे नऊवरून अठ्ठ्याण्णववर आलाय."

"अकरा अंश. मूळ सूर बरोबर असता तर तो आज लाल असता."

"मग करा की लाल! तुमच्या हातात आहे ना सगळं."

"नाहीये हो. मूळ सूर बदलायचा तर तुमच्या कंपनीचा अर्ज लागतो, आमच्या तिघांच्या मंजुऱ्या लागतात, आणि पुन्हा एक शांत दिवस लागतो. मी आत्ता तक्रार नोंदवते. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे."

"पावणेबारा झालेत. तीन वाजता माल चढतोय."

"मी गुजर साहेबांना फोन करते."

तिनं केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लेखी द्या. तिनं तिच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तपासाशिवाय लेखी देऊ नका. तपास कधी? तक्रारीच्या क्रमानं. एक वाजता मृणालचा पुन्हा फोन आला तेव्हा ती रडायच्या बेतात होती.

सारिका रडली नाही. तिला राग येत होता, आणि राग धरायला माणूसच सापडत नव्हतं. गुजर साहेब आकड्याकडे बोट दाखवत होते, आकडा मूळ सुराकडे, आणि मूळ सूर तिच्या स्वतःच्या हौसेकडे.

ती कुंदाकडे गेली. "तीन वाजल्यानंतर या गल्लीत थांबू नकोस. डोकं दुखतंय म्हण, काहीही म्हण."

कुंदानं हातातला खोका गाडीत आदळला. "पुन्हा? आक्का, गेल्या वर्षी तुमच्या खांबापायी मी महिनाभर खोकले. घरी तुमचे दीर म्हणत होते, वहिनीचं ऐकलंस ना, भोग. आणि खांब निघाला पैलवान! मी गेले तर माझ्या जागी मंगल येईल. तिच्या डोक्यावर पडलं तर चालेल तुम्हाला?"

कुंदा रागात बोलली होती, पण बोलली होती ते खरं. खांबाखालून एक सावली काढली की दुसरी येणार.

"तुमचं यंत्र तरी काही म्हणतंय का?" कुंदानं विचारलं.

"ते बहिरं झालंय. माझ्यामुळे. त्याला पूजेचा खांब आठवतोय, आणि आत्ताचा..." सारिका बोलता बोलता थांबली.

पूजेचा खांब आठवतोय. तर मग त्याला पूजेचाच खांब दाखवायचा.

*

हणमंतानं कोयता आणला. "ताई, यंत्रणेला काही जोडलं तर थेट घरी बसवतात. गेटवर पाटी आहे."

"वाचलीये मी. तोड."

भर दुपारी, अर्धं गोदाम बघत असताना, खांद्यावर केळीचा खुंट घेऊन सारिका मोठ्या दारातून आत आली. मागे हणमंत दुसरा खुंट घेऊन. कापलेल्या बुंध्यांतून पाणी ठिबकत होतं आणि करड्या फरशीवर ओली वाट उमटत होती.

"सारिकाताई, लग्न कुणाचं?" कुणीतरी ओरडलं.

"मांडव कुठाय? आहेर आणू का?"

ती चालत राहिली. तिच्या मनात हिशेब अगदी स्पष्ट होता. खंडेनवमीला जे बांधलं होतं तेच, तेवढंच, त्याच उंचीवर पुन्हा बांधायचं. खांब तेव्हासारखाच निरोगी असेल तर तो मूळ सुरावर येईल, आकडा शंभर दिसेल, आणि आपण पुन्हा एकदा सगळ्यांसमोर खोट्या पडू. दुखावलेला असेल तर घसरेल. खोटं बोलायला यात जागाच नव्हती.

हळदीचा पुसट डाग अजून खांबावर होता. त्याच्याच वर तिनं सुतळीचा पहिला वेढा घातला. हणमंतानं दुसरा खुंट टेकवला. बिल्ला हिरवा लुकलुकत राहिला. अठ्ठ्याण्णव.

"काही झालं न्हाई," हणमंत कुजबुजला.

"टिचकी पाव तासानं मारतो तो. दोन पंचेचाळीसला."

दोन चाळीस झाले होते. आणि गुजर साहेब जवळजवळ पळतच येत होते.

"ताई! काढा ते! काय चालवलंय तुम्ही? कॅमेऱ्यात दिसतंय सगळं, वरून फोन आला मला!"

"पाच मिनिटं, साहेब."

"पाच सेकंदसुद्धा नाही. हणमंत, सोड ती सुतळी!"

हणमंताचे हात सैल पडले. खुंट घसरायला लागला. सारिकानं एकटीनं तो छातीशी कवटाळला. पण पंचवीस किलोची ओली केळ तिला एकटीला पेलेना. सुतळीचं टोक हातातून निसटलं, पण खाली पडलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणीतरी पकडलं होतं.

कुंदा.

"बांधू द्या, साहेब," कुंदा म्हणाली. "आमच्या आक्का चक्रम आहेत, ते मला घरी बी माहीत आहे. पण गेल्या वर्षी चुकल्या तेव्हा माझ्या उशाशी बसून महिनाभर काढा पाजत होत्या. चुकलेलं माणूस उगाच दुसऱ्यांदा तोंडघशी पडायला येत नाही." तिनं सुतळीला असा हिसका दिला की गाठ लोखंडात रुतली. "आणि पडल्याच तर पाच मिनिटांत पडतील. तुमचे ट्रक कुठं पळून चाललेत?"

गुजर साहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्या खिशातला फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही.

बिल्ला क्षणभर विझला. आत कुठंतरी, माणसाला ऐकू न येणारी टिचकी वाजली असेल.

सत्त्याऐंशी.

आधी पडदा लाल झाला, मग गल्लीच्या तोंडावरचा दिवा, मग भोंगा. आत असलेल्या दोघी वेचणाऱ्या बाहेर धावल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाळी खाली आली. हणमंताची गाडी आपोआप थिजली. गुजर साहेब त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. आता तो त्यांनाही पुसता येणार नव्हता.

*

बंद गल्लीत माणसानं जायचं नाही हा श्रुतीचाच नियम. रॅक रिकामा करण्यापुरती सुरू केलेली गाडी हणमंत जाळीबाहेर बसून दुरून चालवत होता. पाचव्या कप्प्यावरचं पहिलं पॅलेट उतरलं. दुसरं उतरलं. तिसऱ्याला काटे लागले, पॅलेट बोटभर उचललं, आणि खांब कण्हला.

तो आवाज ऐकायला कान लावावा लागला नाही. खांब गुडघ्यात दुमडला, बरोबर पोच्याच्या जागी. दोन्ही खुंट चिरडले आणि त्यातलं पाणी फसकन उडालं. रॅकचा कोपरा हातभर खाली बसला, शेजारच्या चौकटीवर रेलला आणि तिथं थबकला. वरून दोन पॅलेटं सुटली. आधीच्या मालातल्या सरबताच्या शेकडो बाटल्या गल्लीच्या तोंडाशी फुटल्या. कुंदाची गाडी तिथंच राहिली होती. ती पापडासारखी चपटी झाली.

केशरी सरबत जाळीखालून वाहत बाहेर आलं. कुंदानं सारिकाचा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर नवा फलक लागला. 'श्रुतीमुळे मोठा अपघात टळला. अखंड दक्षता, अखंड सुरक्षा.'

आणि गुजर साहेबांच्या टेबलावर सारिकाच्या नावाचा मेमो होता. यंत्रणेला अनधिकृत वस्तू जोडल्याबद्दल.

"मी काय करू, ताई?" ते खरोखरच अजिजीनं म्हणाले. रात्रभर झोपले नसावेत. "अहवालात लिहिलंय, यंत्रणेनं वेळीच इशारा दिला. तेही खोटं नाही. केळीनं पकडलं असं वर लिहू कसा मी?"

"आणि बाकीचे एकवीस?"

"तक्रार गेलीये. मृणाल मॅडम मागं लागल्यात. मंजुरी आली की..."

"कधी?"

त्यांनी गोदामाकडच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून दहाव्या गल्लीचं तोंड दिसत होतं. दोन हिरवे बिल्ले लुकलुकत होते. शंभर, शंभर. त्यांच्यामधून बाया गाड्या ढकलत आत जात होत्या.

काल एक खांब मोडून पडला, तोही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि आज ती पुन्हा त्याच खुर्चीसमोर तेच सांगत उभी होती. एकवीस वेळा असंच सांगायचं का? प्रत्येक वेळी एक कोपरा खाली बसायला हवा का?

बाहेर हॉर्न वाजला. गेटमधून एक टेंपो आत येत होता. हौद्यात हिरव्यागार खुंटांची रास, आणि राशीवर पदर खोचून बसलेली कुंदा. लोणंदजवळ तिच्या माहेरी केळीची बाग होती. हणमंत मागच्या फळीला लटकून आला होता, हातात सुतळीचे गुंडे.

"आक्का!" तिनं खालूनच हाक मारली. "कँटीनमागं पुरत न्हाईत, मोजून बघितलं. बेचाळीस आणलेत. दादा म्हणाला, एवढी पूजा कसली? म्हटलं, राहिलेली."

गुजर साहेब गेटकडच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. टेंपोकडे पाहिलं, मेमोकडे पाहिलं. रखवालदार त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होता. त्यांनी इशारा केला नाही.

सारिकानं टेबलावरचा मेमो उचलून वाचला आणि त्यांच्यासमोर परत ठेवला.

"यात एकच खांब लिहिलाय, साहेब. खाली एकवीस ओळी मोकळ्या सोडा."

ती जिना उतरून खाली गेली तेव्हा पहिल्या गल्लीच्या तोंडाशी कुंदा खांबाला खुंट टेकवून उभी होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होती. सारिकाला पाहून ती ओशाळली, पण थांबली नाही.

लोखंडाच्या खांबा, तुला केळीचं गं ओझं
खरं सांग एकदाचं, थोरल्या जावेला माझ्या

"जुळत नाहीये," सारिका म्हणाली.

"तुम्ही जुळवा. आधी गाठ मारा."

सारिकानं गाठ मारली. घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. टिचकी सव्वानऊला. दोघी बिल्ल्याकडे डोळे लावून, खांबाच्या दोन बाजूंना, वाट बघत उभ्या राहिल्या.